हिरवा उतार आणि धरलेला उतार

बदलापूरहून बारवी धरणाकडे किंवा नेवाळीहून मलंगगडाकडे पावसाळ्यात गेलात, तर रस्त्याकडेचा जवळजवळ प्रत्येक उतार हिरवागार दिसतो. त्या हिरवाईवर विसंबू नये. उताराची परीक्षा ऑगस्टमध्ये होत नाही, ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होते.

आपल्या भागात रस्त्यासाठी टेकडी कापली, की काळ्या पाषाणावरचा मुरूम उघडा पडतो. कोरडा असताना तो कुदळीला दाद देत नाही. भिजला, की दाणा दाण्यापासून सुटतो. आधी बोटभर रेघा पडतात, मग त्यांच्या घळी होतात. सुटलेली माती गटारात, तिथून ओढ्यात आणि शेवटी उल्हास नदीत जाते. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून उल्हासनगरात शिरणारी वालधुनीही पुढे त्याच नदीला मिळते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, त्याला केवळ गाळ कारण होता असे कोणी म्हणणार नाही. पण गाळाने उथळ झालेल्या पात्रात पाणी कमी मावते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता झाडांकडे वळू. टाकळा, तेरडा ही पावसाळी मंडळी. हा अंक हाती पडेपर्यंत ती वाळलेली असतात. त्यानंतर उतारावर उरते ते बहुधा रानमोडी. ही मूळची अमेरिकेतली. दाट वाढते, आपल्या सावलीत गवताला थारा देत नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सुकून उत्तम सरपण होते. एखादी विडी पडली, की वणवा. मेअखेर उतार काळा आणि उघडा असतो, आणि नेमका त्यावर पहिला जोरदार पाऊस कोसळतो.

लावलेल्या झाडांचेही तसेच. गिरिपुष्पाच्या फांद्या खोचल्या, की जगतात, म्हणून ठेकेदाराला ती प्रिय. पण नुसती झाडे लावून भागत नाही. उंच पानांवर पाणी साठून त्याचे मोठे थेंब होतात आणि ते खाली पडतात. सावलीत गवत मेलेले असेल, तर हे थेंब उघड्या मातीवर पावसापेक्षाही जोराने आपटू शकतात. झाडाखालची माती झाड वाचवत नाही. वाचवतो तो गवत आणि पाचोळ्याचा थर. वनमहोत्सवाच्या छायाचित्रात तो दिसत नाही, ही त्याची अडचण.

बहुवर्षायू गवताचा ठोंब वरून जळला, तरी खाली जिवंत असतो. त्याची केसांसारखी मुळे वरची वीतभर माती विणून ठेवतात. धायटी, निर्गुडी, करवंद यांची मुळे त्याखाली, मुरमाच्या फटींत शिरतात. एक आग सोसतो, दुसरा दुष्काळ, तिसऱ्याला गुरे तोंड लावत नाहीत. उतारावर विविधता हवी ती यासाठी. शोभा हा वरचा नफा.

वाळ्याचे नाव इथे घ्यायलाच हवे. म्हैसूरकडचे गुंडलुपेटचे शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या बांधावर लावत आले, आणि १९८०च्या दशकात जागतिक बँकेने त्याचा जगभर प्रसार केला. मुळे सरळ खाली जातात, अनुकूल जमिनीत तीन मीटरपर्यंतही. उताराला आडव्या ओळीत ठोंब लावले, की पाणी अडखळते आणि गाळ मागे साचतो. मात्र त्याला सावली सोसत नाही. म्हणजे गिरिपुष्पाखाली वाळा लावणे हा पैशांचा धूर.

मुळांची ताकद साधारण वरच्या एक-दोन मीटरपुरती. माळीण (२०१४) किंवा इर्शाळवाडी (२०२३) यांसारख्या दरडींना गवताने अडवता येईल, असे सांगणे लोकांची फसवणूक ठरेल. उभ्या कापलेल्या कड्यालाही झाडे लावून उपयोग नाही. आधी उतार कमी करावा, माथ्यावर चर खणून पाणी बाजूला काढावे, मग काथ्याची जाळी अंथरून पावसाआधी गवताचे बी पेरावे.

आपल्या रस्त्याचा उतार तपासायचा असेल, तर एप्रिलमध्ये जावे. वाळलेले ठोंब हाताने ओढून पाहावेत. हातात आले, तर जूनमध्ये त्या वळणावर गाडी जपून चालवावी.