चेंडूत लोखंड नव्हतं

हॉलंडमध्ये म्हणे ध्यानचंदांची स्टिक मोडून पाहिली, आत लोहचुंबक दडवलाय का ते तपासायला. जपानमध्ये म्हणे त्यांच्या स्टिकला गोंद लावलेला असतो अशी कुजबुज होती. हे किस्से आपण सगळ्यांनी शाळेत असताना ऐकले आणि मधला ‘म्हणे’ गाळून पुढच्याला सांगितले.

आता जरा त्या चेंडूकडे बघू. तेव्हाचा हॉकीचा चेंडू म्हणजे क्रिकेटच्या चेंडूचा सख्खा भाऊ. आत बूच आणि दोरा, वर शिवलेलं चामडं, वजन साधारण १६० ग्रॅम. लोखंड औषधालासुद्धा नाही. स्टिक तर लाकडाचीच. तिच्यात चुंबकाचं अख्खं दुकान कोंबलं असतं तरी चेंडू ढिम्म हलला नसता.

बरं, घटकाभर धरून चालू की चेंडूत लोखंड होतं आणि स्टिकमध्ये चुंबक. चेंडू चिकटला, छान झालं. पण मग गोल कसा करायचा? चिकटलेला चेंडू जाळ्यात जात नाही, त्यासाठी तो सुटावा लागतो. चुंबकवाल्या ध्यानचंदांना स्टिकसकट गोलात घुसावं लागलं असतं, आणि पासची वाट बघणारे बाकीचे फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभे राहिले असते. म्हणजे ही अफवा खरी असती तर ध्यानचंद हे जगातले सगळ्यात निरुपयोगी सेंटर फॉरवर्ड ठरले असते. इतकी लंगडी थाप शंभर वर्षं धावते कशी? मला स्टिकपेक्षा ह्या धावण्याचं नवल जास्त वाटतं.

ह्या प्रश्नाचं गाव झाशी. ध्यानचंद जन्मले अलाहाबादला, २९ ऑगस्ट १९०५ रोजी. पण वडील लष्करात होते, बदल्या होत होत कुटुंब झाशीत स्थिरावलं आणि ते कायमचे झाशीचे झाले. गावात त्यांना ‘दद्दा’ म्हणतात. शहरातल्या टेकडीवर त्यांचा पुतळा स्टिक घेऊन उभा आहे. १९७९ च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा अंत्यसंस्कार झाले ते इथल्याच हीरोज मैदानावर.

झाशीला दंतकथांचा सराव जुनाच. किल्ल्यात राणीच्या घोड्याने जिथून उडी घेतली ती जागा आजही दाखवतात. खाली वाकून बघितलं की घोड्याची काळजी वाटते. आपले वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या त्या धामधुमीत झाशीतच होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मधली राणी रात्रीच्या अंधारात, मुलाला पाठीशी बांधून, घोड्यावरून शहराच्या दरवाज्याने बाहेर पडते. वेढा पडलेला, बाहेर इंग्रजांची फौज, पाठीवर पोर. ह्याहून थरारक काय हवं? पण लोकांना दरवाजा पुरला नाही, त्यांना बुरूज हवा होता.

हे कसं घडतं ते जवळून बघायचं तर बर्लिनला जाऊ. १५ ऑगस्ट १९३६, ऑलिंपिकचा अंतिम सामना, भारत विरुद्ध जर्मनी. आदल्या दिवशीच्या पावसामुळे सामना एक दिवस पुढे ढकललेला, मैदान ओलं. सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असं हरवलेलं, त्यामुळे पोटात गोळा. मध्यंतराला भारताच्या नावावर एकच गोल. मग ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढून टाकले, रबरी तळाचे बूट चढवले आणि उघड्या पोटऱ्यांनी उत्तरार्ध खेळले. त्या वेळच्या वृत्तपत्रातली हकीकत अशी आहे. निकाल ८-१.

आता तीच हकीकत आज कुठेही ऐका: ‘ध्यानचंद अनवाणी खेळले!’ रबरी तळ कुठे गेला? सांगण्याच्या प्रवासात झिजला. ‘बूट काढले’ एवढं लक्षात राहिलं, ‘दुसरे घातले’ हे गळलं. ह्यात कोणी मुद्दाम खोटं बोललं नाही. गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या कानात जाताना हलकी झाली इतकंच.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे प्रयोग करून पाहिलं होतं. एकाला गोष्ट वाचायला द्यायची, त्याने आठवून लिहायची, ते लिखाण दुसऱ्याने वाचायचं आणि पुन्हा आठवून लिहायचं. असं करत साखळी पुढे जाते तशी गोष्ट आखूड होते, अनोळखी बारकावे गळतात आणि ऐकणाऱ्याच्या ओळखीचं काहीतरी त्यांची जागा घेतं. बार्टलेट यांचं पुस्तक आलं १९३२ साली. पुढे ऑलपोर्ट आणि पोस्टमन ह्या अमेरिकी जोडीने १९४७ मध्ये अफवांवर पुस्तक लिहिलं, त्यांनाही हेच दिसलं: बरंच काही सपाट होतं, उरलेलं टोकदार होतं आणि सगळं मिळून ऐकणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या साच्यात बसतं. आपल्याकडे ह्याला पुडी सोडणं आणि तिखटमीठ लावणं म्हणतात. फक्त आपण त्यावर पुस्तक लिहिलं नाही.

टोक कसं येतं ते बघायचं तर हिटलरचा किस्सा घ्या. बर्लिनच्या विजयानंतर हिटलरने म्हणे ध्यानचंदांना जर्मन सैन्यात हुद्दा देऊ केला. कोणता हुद्दा? ते सांगणारा किती रंगात आलाय त्यावर. कोणी कर्नल म्हणतं, कोणी थेट फील्ड मार्शल. जगात इतक्या भराभर बढत्या मिळालेलं दुसरं पद नसेल. खऱ्या सैन्यात ध्यानचंद १९२२ साली साधे शिपाई म्हणून शिरले होते आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. हॉकीचा जादूगार असूनही फलटणीने त्यांना एकेक पायरी चढायला लावली. हिटलरचा किस्सा बहुधा ह्याच हिशेबाची भरपाई करतो: आपल्या साहेबाला कळलं नाही, पण शत्रूलासुद्धा कळलं!

बहुतेक दंतकथांच्या तळाशी अशी एक दुखरी जागा सापडते. १९२८ च्या मार्चमध्ये भारताचा पहिला ऑलिंपिक हॉकी संघ मुंबईहून ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने निघाला, तेव्हा निरोप द्यायला तीन माणसं आली होती. दोघं हॉकी संघटनेचे पदाधिकारी, तिसरा पत्रकार. चाहता म्हणावा असा एकही नाही. ॲमस्टरडॅमला ह्या संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. त्यातले १४ ध्यानचंदांचे. परतीला ह्याच मुंबईत बंदरावर हजारोंची झुंबड. पहिल्या खेपेला आपण तिथे नव्हतो हे झाकायला लोक जन्मभर गोष्टी सांगतात. तीन माणसांच्या निरोपाची आणि हजारोंच्या स्वागताची मधली पोकळी गोष्टींशिवाय कशाने भरणार?

चाहते दुसरीही एक गोष्ट करतात: गैरसोयीचं गाळतात. १९३२ च्या लॉस एंजेलिसमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असं धुतलं. रूपसिंग, म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, दहा गोल. ध्यानचंद आठ. अमेरिकेचा तो एकुलता गोल झाला तेव्हा आपला गोलरक्षक म्हणे गोलामागे उभा राहून चाहत्यांना सह्या देत होता. किस्सा झकास आहे, मीही सांगतो. पण त्या स्पर्धेत हॉकीचे संघ होते फक्त तीन: भारत, जपान आणि अमेरिका. अमेरिका जपानकडूनही ९-२ हरली, म्हणजे एकही सामना न जिंकता कांस्यपदक घेऊन घरी गेली. २४-१ सांगताना हे कोणी सांगत नाही. सांगितलं तर ध्यानचंद लहान होत नाहीत, पण किस्सा होतो.

‘मीम’ हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी घडवला १९७६ साली: एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उडी मारत स्वतःच्या प्रती काढणारी कल्पना. ध्यानचंद तेव्हा हयात होते आणि त्यांच्यावरची मीमं चाळीस वर्षं जुनी झालेली होती. इंटरनेटने नवं काही शोधलं नाही, बैलगाडीला इंजिन लावलं. २०१३ च्या सुमारास ‘सर रवींद्र जडेजा’ची लाट आली. जडेजा चेंडूमागे धावत नाही, चेंडूच त्याच्याकडे येतो, ह्या थाटाची थट्टा खुद्द धोनी ट्विटरवर करत होता. हे चुंबकच नाही का? फक्त इथे सगळ्यांना माहीत होतं की ही थाप आहे. आणि गंमत अशी की टवाळीसाठी चिकटवलेलं ते ‘सर’ पुढे जडेजाच्या खेळामुळे शोभायला लागलं.

वेग वाढला की दिशाही पटकन उलटते. २०१४ मध्ये मारिया शारापोव्हा सचिनला ओळखत नाही म्हणाली, तर आपल्या लोकांनी तिच्या फेसबुक पानावर धुडगूस घातला. २०२१ मध्ये सचिनच्या एका ट्वीटवर रागावलेल्या केरळातल्या मंडळींनी त्याच पानावर जाऊन तिची मल्याळममधून माफी मागितली आणि वर केरळला येण्याचं आमंत्रणही दिलं. बिचारी कोर्टवरून निवृत्त झाली होती, तिला कळेना वर्ष कोणतं चाललंय. ध्यानचंदांचे चाहतेही ह्यातून सुटले नाहीत. २०१३ मध्ये खेळाडूचं पहिलं भारतरत्न सचिनला जाहीर झाल्यापासून दरवर्षी २९ ऑगस्टला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिनी, ‘आधी कोण’ हा वाद उकरला जातो. दद्दांनी आणि तेंडल्याने एकमेकांचं काय घोडं मारलंय, हे विचारायची सोय नाही.

आता पुन्हा स्टिककडे. प्रेक्षकांना चेंडू चिकटलेला दिसत होता, ते डोळ्यांचं खोटं नव्हतं. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू फक्त तिनेच खेळायचा असतो. धावता धावता चेंडू डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे न्यायचा तर दर वेळी मनगट फिरवून स्टिकचं तोंड उलटं करावं लागतं. टोला, मनगट, उलटा टोला, मनगट. प्रत्येक टोल्यानंतर चेंडू सुटतो आणि पुढच्या टोल्याला पुन्हा सापडतो. सुटण्याचं अंतर बोटभर राहिलं आणि लय मोडली नाही, की गॅलरीतल्या माणसाला मधल्या फटी दिसत नाहीत. सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला चोवीस स्थिर चित्रं दाखवली की आपल्याला माणूस चालताना दिसतो, तसंच हे. प्रेक्षक ज्याला चिकटणं म्हणत होते ते खरं म्हणजे शेकडो वेळा सोडणं होतं. रात्री चांदण्यात सराव करायचे म्हणून ध्यानसिंगचे ‘ध्यानचंद’ झाले असं सांगतात. अंधुक उजेडात बोटभर अंतरावरचा चेंडू डोळ्यांपेक्षा मनगटालाच जास्त कळत असणार.

आणि त्यांना स्वतःला काय आवडायचं? त्यांचं ‘गोल’ नावाचं आत्मचरित्र १९५२ मध्ये आलं. आयुष्यातला सर्वोत्तम सामना कोणता, ह्याचं त्यांचं उत्तर ॲमस्टरडॅम नाही, लॉस एंजेलिस नाही, बर्लिनही नाही. ते उत्तर आहे १९३३ च्या बेटन कपचा अंतिम सामना, कलकत्त्यात, कलकत्ता कस्टम्सविरुद्ध. ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं घरात असलेला हा माणूस तेव्हा आपल्या गावच्या क्लबकडून, झाशी हीरोजकडून खेळत होता. समोरचा संघ बलाढ्य होता, बराच वेळ झाशीवर दबाव राहिला. मग ध्यानचंदांनी मैदानाच्या मध्यातून एक लांब पास सोडला. तो घेऊन झाशीचाच एक गडी समोरचं अर्धं मैदान सुसाट धावला. कस्टम्सचा हाफबॅक आणि गोलरक्षक यांचा गोंधळ उडाला आणि चेंडू आत गेला. सामन्यातला तो एकमेव गोल, आणि झाशी हीरोजने कप जिंकला.

चाहत्यांच्या गोष्टीत चेंडू दद्दांना सोडत नाही. दद्दांच्या स्वतःच्या गोष्टीत ते चेंडू सोडतात, आणि त्यांचं सगळ्यात मोठं समाधान तिथे आहे. तुम्ही झाशीला गेलात, टेकडीवरच्या पुतळ्याखाली कोणी चुंबकाचा किस्सा रंगवून सांगू लागलं, तर मधे तोडू नका, ऐकून घ्या. किस्सा चांगलाच आहे. फक्त तो संपला की त्याला बेटन कपचा विचारा. १९३३ चा तो गोल ध्यानचंदांच्या नावावर नाही. तो इस्माईलच्या नावावर आहे.