नवा संगणक, निराळी कार्यप्रणाली

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या संगणकांवर विंडोज ही कार्यप्रणाली कारखान्यातच बसविलेली असते. काही संगणक मात्र थोड्या कमी किमतीत, तिच्याशिवाय विकले जातात. ग्राहकाला लिनक्स कुळातील एखादी कार्यप्रणाली हवी असेल, तर दोन्ही बाबतींत ती त्याने स्वतः बसवून घ्यावयाची असते. हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली ज्या गाभ्याचा आरंभ केला, त्यावर उभारलेल्या उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा अनेक कार्यप्रणाली विनामूल्य मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच ‘सी-डॅक’ने, २००७ साली आणलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली कार्यप्रणालीही याच कुळातील होय.

पेनड्राइव्हवरून अशी कार्यप्रणाली बसविण्याचे काम एरवी तासाभराच्या आत उरकते. परंतु यंत्र अगदी नवे असले, की पडदा काळा पडावा, यंत्र जागीच थिजावे किंवा आपोआप पुनःपुन्हा सुरू होत राहावे, असा अनुभव अनेकांना येतो. कष्टाचे पैसे घालून आणलेले यंत्र सदोष निघाले, या समजुतीने मालक हवालदिल होतो आणि हाताला येईल तो उपाय करू लागतो. यंत्र बहुधा धडधाकट असते. नुकसान होते ते या घाईच्या उपायांनी, आणि तेही डिस्कवरील कागदपत्रांचे.

नवेपणाचीच अडचण

कार्यप्रणाली संगणकाच्या प्रत्येक भागाशी ‘ड्रायव्हर’ नावाच्या छोट्या आज्ञावलीमार्फत व्यवहार करते. कार्यप्रणालीची प्रत आधी तयार झाली आणि यंत्राचा भाग नंतर बाजारात आला, तर त्या भागाची तिला ओळखच नसते. याचे ठळक उदाहरण २०१५ साली पाहावयास मिळाले. इंटेल कंपनीने त्या वर्षी सहाव्या पिढीचे प्रोसेसर आणले आणि त्यांच्या जोडीच्या चिपसेटमधून यूएसबीचे जुन्या पद्धतीचे नियंत्रक काढून टाकले. विंडोज ७ ही कार्यप्रणाली २००९ सालची. तिच्या मूळ प्रतीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नव्हते. परिणामी आरंभीच्या पडद्यावर व्यवस्थित चालणारा कळफलक, विंडोज बसविण्याचा पडदा येताच निर्जीव होई. ना कळफलकात दोष, ना संगणकात.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच समाविष्ट असतात. म्हणून कोणीतरी दोन-तीन वर्षांपूर्वी करून ठेवलेला पेनड्राइव्ह या महिन्यात घेतलेल्या लॅपटॉपला लावला, तर तीच गत होते. पहिला उपाय अर्थातच ताजी प्रत घेणे हा आहे. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते; मधल्या काळात तिच्याच सुधारित प्रती नव्या गाभ्यासह प्रसिद्ध होत असतात, त्यांतील शेवटची घ्यावी.

कोठे थांबते ते पाहावे

ताजी प्रत घेऊनही काम अडले, तर ते नेमके कोणत्या टप्प्यावर अडते हे पाहणे महत्त्वाचे ठरते. दर वेळी एकाच ठिकाणी थांबत असेल, तर यंत्राचा एखादा भाग आणि कार्यप्रणाली यांचे जमत नाही असे समजावे. कधी येथे, कधी तेथे थांबत असेल, तर पेनड्राइव्हवरील प्रत किंवा यंत्राची मेमरी संशयास्पद मानावी. बदलही एका वेळी एकच करावा. एकदम चार बदल केले आणि काम झाले, तरी कोणत्या बदलाने झाले हे कळत नाही.

काही वेळा पेनड्राइव्हवरून संगणक सुरूच होत नाही. आजच्या संगणकांत ‘सेक्युअर बूट’ नावाची पहारेकऱ्यासारखी व्यवस्था असते. सुरू होऊ पाहणाऱ्या आज्ञावलीवर मान्यताप्राप्त डिजिटल स्वाक्षरी नसेल, तर ती तिला आत सोडत नाही. प्रमुख लिनक्स कार्यप्रणालींच्या आरंभक आज्ञावलीवर अशी स्वाक्षरी असते, तेव्हा ही व्यवस्था बंद करण्याचे कारण सहसा पडत नाही. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेने सुरक्षेच्या कारणास्तव जुन्या आरंभक आज्ञावली अमान्य केल्या, आणि विंडोज व लिनक्स शेजारी-शेजारी नांदत असलेले कितीतरी संगणक एका रात्रीत लिनक्स सुरू करीनासे झाले. तेथेही नव्या प्रतीचाच उपयोग झाला.

पहारा बंद करण्यापूर्वी, किंबहुना यंत्राच्या मूळ मांडणीतील काहीही बदलण्यापूर्वी, एक खबरदारी अत्यावश्यक आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवरील डिस्क, मालकाच्या नकळत कुलूपबंद झालेली असते. मांडणी बदलली, की हे कुलूप ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली मागते. ही किल्ली सहसा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते; ते खाते दुकानातील मुलाने स्वतःच्या सोयीने उघडून दिलेले असेल, तर किल्ली मिळणे दुरापास्त होते. तेव्हा किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि कामाच्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी.

सर्वांत जास्त तक्रार असते ती काळ्या पडद्याची. पेनड्राइव्हची यादी दिसते, एक पर्याय निवडला जातो आणि त्यानंतर काहीच दिसत नाही. येथे दोष बहुधा चित्रदर्शक चिपच्या ड्रायव्हरचा असतो. एनव्हीडियाच्या नव्या चिप असलेल्या यंत्रांवर हे विशेष आढळते. यादीतच ‘सेफ ग्राफिक्स’ असा पर्याय असेल तर तो निवडावा. नसेल, तर यादीवर असतानाच ‘ई’ ही कळ दाबावी, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीत लिहावा आणि एफ-१० दाबावे. त्यामुळे गाभा चित्रदर्शनाची साधी पद्धत वापरतो. अक्षरे ओबडधोबड दिसतील, पण काम पुढे सरकते. योग्य ड्रायव्हर नंतर बसविता येतो आणि तो बसला, की हा शब्द काढून टाकावयाचा असतो. त्याच ओळीतील ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडले, तर पडद्यावर संदेशांच्या ओळी धावू लागतात. थांबण्यापूर्वीच्या शेवटच्या ओळींचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवल्यास जाणकाराचे निम्मे काम हलके होते.

कधी सर्व काही सुरळीत होते, पण बसविण्यासाठी डिस्कच सापडत नाही. इंटेलच्या काही लॅपटॉपवर डिस्कची जोडणी ‘रेड’ पद्धतीने केलेली असते आणि ती लिनक्सला दिसत नाही. मांडणीत ती ‘एएचसीआय’ केली की दिसू लागते. मात्र मग जुनी विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडते. कारण तिला आता डिस्कचा वेगळा ड्रायव्हर हवा असतो. विंडोज राखावयाची असेल, तर बदलापूर्वी तिला पुढच्या वेळी ‘सेफ मोड’मध्ये सुरू होण्यास सांगून ठेवावे, म्हणजे ती तो ड्रायव्हर आपण होऊन घेते.

राहिला कोठेही थांबणारा संगणक. डाउनलोड केलेल्या प्रतीची ६४ अक्षरांची पडताळणी-खूण मूळ खुणेशी जुळते का, हे प्रथम पाहावे. एक अक्षर जरी वेगळे असले तरी ती प्रत निरुपयोगी. मेमरी प्रमाणित मूळ वेगापेक्षा अधिक वेगाने चालविण्याची ‘एक्सएमपी’ मांडणी चालू असल्यास बंद करावी. संगणक-निर्मात्याने फर्मवेअरची नवी आवृत्ती दिली असेल, तर ती बसवावी. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळत होते आणि त्यामुळे यंत्रे वाटेल तेव्हा बंद पडत होती. लोक मात्र दोष आज्ञावलीला देत राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर सुधारणा निघाली; पण आधीच बिघडलेले प्रोसेसर तिने दुरुस्त होत नसल्याने कंपनीने त्यांची हमी दोन वर्षांनी वाढविली.

यानंतरही संगणक थांबत राहिला, तर ‘मेमटेस्ट’ ही तपासणी रात्रभर चालू ठेवावी. तीत चूक आढळली, तर मेमरीच्या पट्ट्या एकेक करून लावाव्यात व सदोष पट्टी ओळखावी. ही तपासणी कोणत्याही कार्यप्रणालीशिवाय चालते. त्यामुळे ‘तुम्ही विंडोज काढलीत म्हणून असे झाले’ हा विक्रेत्याचा नेहमीचा युक्तिवाद तिच्यापुढे टिकत नाही. चुकांच्या पडद्याचे छायाचित्र आणि खरेदीची पावती घेऊन हमीच्या मुदतीतच दुकान गाठावे.