धूर नाही म्हणून निर्धास्त राहू नका
(शेडमधली शेगडी, पिल्लांची ऊब आणि माणसाचा जीव)



दिवाळी सरली की रानातला वारा बदलतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गारठतात. निफाडसारख्या भागात तर पारा 5 अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याची नोंद अनेक वर्षी झालेली आहे. अशा थंडीत द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात. ती उघड्यावरची आग असते. तिचा धूर आणि वायू वाऱ्याबरोबर निघून जातो. आज आपल्याला बोलायचं आहे ते बंद जागेतल्या आगीबद्दल, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमध्ये, रेशीम किड्यांच्या संगोपनगृहात किंवा राखणदाराच्या खोपीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीबद्दल.

शेगडी स्वस्त, कुठेही उचलून नेता येते आणि लाईट गेली तरी अडत नाही. म्हणून ती वापरू नका असं आम्ही सांगणार नाही. पण तिचा एक गुण असा आहे, की तो माहीत नसेल तर रात्रीत घात होतो.

धूर गेला, धोका राहिला

आपल्याकडे सर्रास एक समजूत आहे: शेगडी बाहेर पेटवायची, धूर सरला, निखारे लाल झाले की आत घ्यायची, मग काही भीती नाही. यातला पहिला भाग बरोबर आहे. शेगडी बाहेरच पेटवावी. पण शेवटचं वाक्य साफ चूक आहे.

कोळशाला भरपूर हवा मिळाली तर तो पुरता जळतो. हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. शेगडीतल्या निखाऱ्यांच्या ढिगात, आतल्या बाजूला हवा नेहमीच कमी असते. म्हणून लालबुंद, धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही हा वायू सतत निघत राहतो. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते. ती हाच वायू जळत असल्याची खूण. जो जळत नाही तो खोलीत पसरतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळ्यांना चुरचुर नाही की घशाला खवखव नाही. धूर निदान माणसाला खोकवून जागं करतो. हा वायू जागं करत नाही, उलट गुंगी आणतो. वजनाने तो जवळपास हवेएवढाच असल्यामुळे सगळ्या खोलीत मिसळतो. खाटेवर झोपलेला आणि जमिनीवर झोपलेला, दोघांनाही सारखाच बाधतो.

रक्तात काय होतं?

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी गाडी समजा. छातीत माल भरायचा आणि मेंदू, हृदय, हातपाय यांना पोचवायचा, हे तिचं काम. कार्बन मोनॉक्साइड या गाडीला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग गाड्या धावतात, पण त्यांत दुसराच माल भरलेला. श्वास चालू असतो आणि मेंदू मात्र प्राणवायूवाचून उपाशी राहतो.

आधी डोकं दुखतं. मग चक्कर, मळमळ, उलटी, छातीत धडधड, पायांत त्राण नाही असं होतं. पुढे माणूस गोंधळतो, दार कुठे हेही त्याला सुचत नाही. झोपलेल्या माणसाला तर यातलं काहीच कळत नाही. तो झोपेतून बेशुद्धीत जातो. गरोदर बाई आणि तिच्या पोटातलं मूल, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि हृदयाचे रोगी यांना धोका अधिक.

एक खूण नीट ध्यानात ठेवा. एकाच जागेतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं आणि बाहेर मोकळ्यावर आल्यावर बरं वाटलं, तर ते पित्त नव्हे, जागरण नव्हे. ते शेगडीचं काम आहे.

पिल्लांच्या शेडमध्ये

एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस, म्हणजे 95 अंश फॅरनहाइट ऊब लागते. पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश सेल्सिअसने ती कमी करत आणायची. ही ऊब टिकवण्याच्या नादात शेडचे पडदे चारी बाजूंनी वरपासून खालपर्यंत बंद केले जातात, आत चार-सहा शेगड्या पेटतात, आणि राखणीला माणूसही तिथंच पिल्लांशेजारी अंथरूण टाकतो. धोका नेमका इथं आहे.

पडदा खालून पक्का बांधा आणि वरून सोडता येईल असा ठेवा. पिल्लांना वाऱ्याचा झोत लागतो तो खालून. वरच्या बाजूला, वळचणीखाली, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना वीतभर फट रात्रभर उघडी राहू द्या. वापरलेली हवा वरून निघून जाईल. ‘ऊब जाईल की!’ असं वाटेल. थोडी जाते हे खरं. पण ऊब राखायची ती चिकगार्ड लावून, गादी जाड आणि कोरडी ठेवून. हवा कोंडून नव्हे. कोंडलेल्या हवेत गादीचा अमोनियाही साचतो आणि पिल्लं श्वासाच्या रोगाला बळी पडतात. म्हणजे फट ठेवण्यात पिल्लांचंही हितच आहे.

पिल्लंच तुम्हाला सांगतील. शेगडीजवळ एकावर एक गोळा झाली तर ऊब कमी आहे. दूर पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर ऊब जास्त आहे. सगळी एकाच कोपऱ्यात सरकली तर दुसऱ्या बाजूने झोत येतोय. शेडभर सारखी पसरून खात-पीत असतील तर सगळं ठीक. मात्र शेगडी चालू असताना पिल्लं मलूल, झोपाळल्यासारखी दिसली आणि तुमचंही डोकं जड झालं, तर विचार करत बसू नका. पडदे सोडा आणि बाहेर पडा.

शेगडी मांडायची कशी?

शेगडी गादीवर कधीच ठेवू नये. तूस आणि लाकडाचा भुसा ठिणगीने आतल्या आत धुमसत राहतो आणि तासाभराने भडकतो. जागेवरची गादी बाजूला सारून जमिनीवर पत्रा टाका, त्यावर विटा रचा आणि विटांवर शेगडी ठेवा. भोवती पत्र्याचं कडं करा, म्हणजे पिल्लं आत जाणार नाहीत. गोणपाटाचे आणि प्लॅस्टिकचे पडदे, दोऱ्या, खाद्याची पोती यांच्यापासून शेगडी निदान तीन फूट लांब असावी. जवळ पाण्याची एक आणि वाळूची एक बादली भरलेली असू द्या.

कोळसा कोरडा वापरा. ओला कोळसा, रंग दिलेली लाकडं, टायरचे तुकडे, प्लॅस्टिक असलं काही टाकू नका. रॉकेल किंवा पेट्रोल ओतून शेगडी पेटवू नका. नवीन कोळसा घालायचा तर शेगडी बाहेर न्या, तिथं घाला, चांगली पेटू द्या, मग आत आणा.

सकाळी राख थंड दिसली तरी तिच्या पोटात निखारा असतो. ती उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नका. लोखंडी बादलीत भरून, पाणी शिंपडून, दिवसभर बाहेर ठेवा आणि मग टाका.

बुखारी आणि गॅस

ज्यांना दरवर्षी पिल्लं काढायची आहेत, त्यांनी बुखारीचा विचार करावा. पत्र्याची बंद भट्टी आणि तिला छपराबाहेर नेलेलं धुराडं. ऊब आत राहते, वायू बाहेर जातो. मात्र हंगामाआधी धुराड्याचे सांधे तपासा. पाखरांनी घरटं केलं असेल तर काढा. नळी तुंबली तर बुखारीचीही शेगडीच झाली असं समजा.

गॅसवरच्या ब्रुडरला कोळसा लागत नाही, म्हणून तो अगदी निर्धोक असं मात्र नाही. ज्योत निळी असेल तर गॅस नीट जळतो. ज्योत पिवळी पडली की बर्नरमध्ये शेडची धूळ बसली आहे किंवा हवा अपुरी आहे, आणि मग त्यातूनही तोच विषारी वायू निघतो. टाकी शेडच्या बाहेर, उभी ठेवा. नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वास आला तर काडी ओढू नका, विजेचं बटण दाबू नका. आधी टाकी बंद करा, पडदे सोडा.

जिथं वीज भरवशाची आहे तिथं विजेचा ब्रुडर किंवा बल्ब सर्वांत बरा. पण रात्री वीज गेली की घाईघाईत शेगडी आत आणली जाते आणि फटी ठेवायचं राहून जातं. म्हणून फटीची सोय आधीच करून ठेवा.

रेशीम संगोपनगृहात

बाल किड्यांना सुमारे 27-28 अंश सेल्सिअस तापमान आणि 85-90 टक्के आर्द्रता लागते. थंडीत त्यासाठी शेगडी आणि पाण्याचं भांडं ठेवतात. पाण्याच्या भांड्याने हवेला ओल येते, हे बरोबर. पण ‘पाणी ठेवलं की वायू शोषला जातो’ ही समजूत खोटी आहे. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. धूर किड्यांना सोसत नाही, म्हणून शेगडी बाहेर पेटवूनच आत आणा. पाला घालायला जाण्याआधी दार-खिडक्या थोडा वेळ उघडा. जमेल तिथं विजेचा हीटर वापरा.

राखण करायची कशी?

‘अहो, आम्ही वर्षानुवर्षं शेगडीशेजारी झोपतोय, काही झालं नाही,’ असं कुणी म्हणेल. तोवर कुडाच्या भिंतीतून वारा येत होता, म्हणून काही झालं नाही. आता कुडाच्या जागी पत्रा आणि विटा आल्या, फटींवर प्लॅस्टिक आलं. जागा बंद झाली, पण सवय जुनीच राहिली.

पिल्लं राखायला रात्री माणूस हवाच. पण त्याने झोपावं शेगडी नसलेल्या वेगळ्या खोलीत किंवा बाहेर पडवीत, जाड पांघरूण घेऊन. दोघांनी पाळ्या लावाव्यात. दर दोन तासांनी गजर लावून शेडमध्ये फेरी मारावी आणि परत यावं. शेडवर गड्याचं बिऱ्हाड असेल, लेकरं असतील, तर त्यांना चांगल्या रजया आणि वेगळी निवाऱ्याची खोली देणं हे मालकाचं काम आहे. गडी धन्याला ‘मला बाहेर झोपू द्या’ असं सहसा म्हणत नाही. धन्याने आपण होऊन सांगितलं पाहिजे. मेलेली पिल्लं पुढच्या खेपेला पुन्हा भरता येतात.

बाजारात कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी बॅटरीवरची घंटा मिळते. शेड मोठी असेल तर ती घ्यावी. धुराची घंटा वेगळी, ती या वायूला वाजत नाही. आणि घंटा घेतली म्हणून फट बुजवू नका.

माणूस बेशुद्ध सापडला तर

आधी हाक मारून दुसऱ्याला बोलवा. दार, पडदे सताड उघडा. श्वास रोखून आत जा आणि माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. शेगडी काढण्यात वेळ घालवू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, कांदा हुंगवत बसू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब देत राहा.

दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: “बंद जागेत शेगडी होती.” बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र कोरोनाच्या साथीनंतर अनेक घरांत आलं. पण ते इथं फसवतं. त्याला दोन वायूंतला फरक कळत नाही आणि आकडा चांगला दिसतो. त्यावर विसंबू नका. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू उतरायला चार-पाच तास लागतात, दवाखान्यातल्या शुद्ध प्राणवायूवर तासा-दीड तासात तो निम्म्यावर येतो. शुद्धीवर आला तरी डॉक्टरांना दाखवाच. काही वेळा विसराळूपणा, गोंधळ असा त्रास काही दिवसांनी, आठवड्यांनीही उद्भवतो.

थोडक्यात ध्यानात ठेवा

1. निखाऱ्याला धूर नसला तरी विष असतं.
2. शेगडी बाहेर पेटवा. आत असताना समोरासमोर दोन फटी उघड्या ठेवा.
3. खाली पत्रा आणि विटा, भोवती कडं, तीन फुटांत जळण्यासारखं काही नको.
4. शेगडी असलेल्या जागेत कुणीही झोपायचं नाही.
5. डोकं दुखलं की आधी बाहेर, मग बाकीचं.

हे पत्रक वाचून घडी घालून ठेवू नका. शेडच्या दारावर, आतल्या बाजूला चिकटवा. आणि ज्याला वाचता येत नाही अशा शेडवरच्या माणसाला आज संध्याकाळीच वाचून दाखवा.