लिपुलेखची पायवाट

2025 च्या जूनमध्ये, पाच वर्षांच्या खंडानंतर, कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली. बातमीचं कात्रण मी पर्समध्ये ठेवलंय. अर्जाची अट एका ओळीत आहे: वय 18 ते 70. मी पंच्याहत्तर वर्षांची आहे. 2006 मध्ये गेले तेव्हाही ही अट होतीच. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, ती मला अडवत नव्हती, म्हणून तिच्याविरुद्ध मी तोंड उघडलं नाही. ते आता मनाला लागतं.

त्याआधीची वर्षं बँकेत गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. 1981 मध्ये लिपुलेख खिंडीची वाट यात्रेकरूंना पुन्हा खुली झाली तेव्हा मुलगा मांडीवर होता. 1998 च्या ऑगस्टमध्ये याच वाटेवर मालपाला दरड कोसळली. तीत सापडलेल्या यात्रेकरूंच्या तुकडीत नृत्यांगना प्रोतिमा बेदी होत्या. ते वाचून दिवसभर सुन्न झाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खातेवह्यांत डोकं घातलं.

मग आली व्हीआरएस, स्वेच्छानिवृत्ती. 2000-01 मध्ये सरकारी बँकांतून सुमारे लाखभर माणसं बाहेर पडली, त्यात मी एक. नंतरची दहा वर्षं मी खरी जगले. पुण्यात आम्हा मंडळींचा एक गटच जमला. पहाटे पाचला पर्वती, रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. पिशवीत पाच किलो तांदूळ घालून चढायचो, पाठीला वजनाची सवय व्हावी म्हणून. गडावर पिठलं-भाकरी, खाली येताना गुडघ्यांच्या गप्पा. कुणाला मधुमेह, कुणाची बायपास झालेली. थांबत कुणी नव्हतं.

2006 च्या यात्रेत आमच्या बॅचमध्ये अकोल्याचे एक काका होते, अडुसष्ट वर्षांचे. दिल्लीत वैद्यकीय तपासणीच्या रांगेत एका तरुणाने त्यांना ऐकवलं, "काका, घरी बसून जप करायचा की." काका काही बोलले नाहीत. मांगतीपासून चालायला सुरुवात झाली. गाल्याच्या पुढे 4444 पायऱ्यांची उतरण, खाली काली नदीचा सततचा घोष, बुधीनंतर छियालेखची छातीवर येणारी चढण. तो तरुण पहिला वर पोचायचा. काका शेवटचे, घोडेवाल्याशी तुटक्या हिंदीत बोलत, वाटेतल्या प्रत्येक फुलापाशी थांबत. गुंजीला पुन्हा तपासणी झाली आणि तरुणाचा रक्तदाब इतका चढलेला निघाला की त्याला परत पाठवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आज इतक्या वर्षांनीही वाटत नाही.

नाभीढांगहून पहाटे तीनच्या सुमाराला, टॉर्चच्या उजेडात, आम्ही लिपुलेख चढलो. खिंड सतरा हजार फुटांच्या आसपास. काका माझ्या पुढे होते. दहा पावलं, मग काठीवर रेलून पाच श्वास, पुन्हा दहा पावलं. त्यांच्या त्या लयीत पावलं टाकत मी वर पोचले. पुढे तिबेटात साडेअठरा हजारांवरची डोल्मा खिंडही आम्ही त्याच लयीत पार केली. आठवडाभर रोज थोडं थोडं चढत गेल्याने शरीराला विरळ हवेशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो, आणि म्हाताऱ्या माणसाला हळू चालायला शिकवावं लागत नाही.

ती वाट आता राहिली नाही. मे 2020 मध्ये लिपुलेखच्या रस्त्याचं उद्घाटन झालं. सीमेवरच्या जवानांना, गर्ब्यांग-गुंजीच्या गावकऱ्यांना तो हवाच होता, तिथे बाळंतीण खाली आणायलाही दिवस लागायचे. पण आपल्या बाजूचं ते दिवसेंदिवसाचं चालणं गेलं. आता गाडी माणसाला भराभर उंचीवर नेते आणि मग हवेची सवय होण्यासाठी मुक्काम करावा लागतो.

आमच्या गटाची उतरण मात्र त्याआधीच सुरू झाली होती. 2010 मध्ये साठाव्या वर्षी अन्नपूर्णा बेस कॅम्पसाठी, 4130 मीटरसाठी, मी एका ट्रेकिंग संस्थेकडे नाव दिलं. तिथल्या माणसाने मुलाचं संमतीपत्र मागितलं. ज्याच्या शाळेच्या सहलीच्या कागदावर मी सही करायची, त्याची सही! मी फोन ठेवला आणि गटातल्या तिघींना घेऊन परस्पर नेपाळ गाठलं. पोचलो. तीन वर्षांनी जपानच्या युइचिरो मिउरांनी ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्ट सर केलं, तेव्हा त्या माणसाला ते कात्रण पाठवायचं फार मनात होतं. पाठवलं नाही, याची चुटपुट आहे.

आता फोन येतात ते ज्येष्ठांच्या खास सहलींचे. वातानुकूलित बस, लिफ्टचं हॉटेल, परदेशातही वरण-भात. कुणाला तेच हवं असेल तर त्यांनी खुशाल जावं. पण पायांत अजून बळ असलेल्या माणसाला बसमध्येच बसवून ठेवायचं, हे मला सोसत नाही. गटातले सहाजण गेले, दोघी मुलांकडे अमेरिकेत, अकोल्याच्या काकांचं पत्र येणंही थांबलं. रविवारी आतकरवाडीत आता आम्ही तिघंच असतो.

मागच्या आठवड्यात मी यात्रेसाठी विनंतीपत्र लिहून पाठवलं. मजकूर चार ओळींचा आहे. जन्मतारीख बघू नका. ट्रेडमिलवर उभं करा, रक्तदाब घ्या, गुंजीला पुन्हा घ्या. नापास झाले तर तिथूनच परतेन, घोड्याचे पैसे माझे मी देईन.