चौकट : दोघांची नाशिक वारी, वाईन आणि मिसळ

कसं जाल : मुंबईत घोडपदेवहून भायखळा, तिथून लोकलने दादर. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पंचवटी किंवा शनिवारी पहाटे तपोवन एक्स्प्रेस पकडा. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिन लागतं.

कधी : द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्च. फळ गार राहावं म्हणून ती पहाटे, ऊन चढायच्या आत उरकतात. मात्र 26 जानेवारीला ड्राय डे. जोडून सुट्टी घेणाऱ्यांनी वाईन आदल्या दिवशीच उरकावी.

कुठे : गंगापूर धरणाकाठी सुला आणि यॉर्क या वायनरी. सुलाची सुरुवात राजीव सामंत यांनी 1999 साली केली. गर्दी नको असेल तर आधीच इगतपुरीला उतरून संजेगाव परिसरातल्या वायनरी गाठा.

काय चाखाल : पांढऱ्यात शेनिन ब्लां, सॉव्हिन्यॉ ब्लां, लालमध्ये शिराझ. ग्लास दांडीला धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाईन तापत नाही. पांढरी 8 ते 10, लाल 16 ते 18 अंशांवर खुलते.

काय खाल : सकाळी काळ्या मसाल्याची मिसळ, सोबत पाव, पापड, दही. तिखट जेवणाबरोबर किंचित गोडसर शेनिन जमते, शिराझ मटणाबरोबर. घरच्यांसाठी कोंडाजी चिवडा घ्यायला विसरू नका.

लक्षात ठेवा : वयाचा पुरावा जवळ असू द्या. सुट्टीत टेस्टिंगचं बुकिंग आधीच करा. परतीची रिक्षा किंवा टॅक्सी ठरवून ठेवा. पिऊन गाडी चालवू नका.