मग लाडबोरीत ते कडं पडलं कसं?

"अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं." भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला जून-जुलै २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले, तेव्हापासून हे वाक्य जरा जास्तच कानावर येतं. त्यांनी दाखवलेला तरंगता पाण्याचा गोळा गावोगावच्या मोबाईलवर फिरला आणि त्याच्याबरोबर हा निष्कर्षही फिरला. वर्धा जिल्ह्यातल्या केळझर-सेलूकडची मुलं तो बोलून दाखवतात, त्यांचे पालक मान डोलावतात आणि कधी कधी शिकवणारेही "बरोबर" म्हणून पुढे जातात. व्हिडिओवर मोठ्या अक्षरांत 'झिरो ग्रॅव्हिटी' लिहिलेलं असल्यामुळे शंका घ्यावी असं कुणाला वाटतही नाही.

हे साफ चूक आहे. गुरुत्वाकर्षण आहे म्हणूनच ते स्थानक पृथ्वीभोवती फिरतं. ते नसतं, तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं आणि पृथ्वीपासून कायमचं दूर झालं असतं. ३,८४,४०० किलोमीटरवरचा चंद्र ज्या ओढीने पृथ्वीशी बांधलेला आहे, ती ओढ ४०० किलोमीटरवर संपेलच कशी?

हिशेब करून पाहू. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे, पण गुरुत्वाकर्षणासाठी अंतर मोजायचं ते पृथ्वीच्या केंद्रापासून. जमिनीवरचा माणूस केंद्रापासून ६,३७१ किलोमीटरवर असतो, स्थानकातला ६,७७१ वर. म्हणजे अंतर वाढलं जेमतेम सहा टक्के. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं, त्यामुळे तिथे ते जमिनीवरच्या सुमारे ८८ टक्के उरतं. समजा, ४०० किलोमीटर उंचीचा मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर स्प्रिंगचा वजनकाटा ठेवला. जमिनीवर ५० किलो भरणारी मुलगी त्या काट्यावर ४४ किलो भरेल. ती तरंगणार नाही, पाय रोवून उभी राहील.

मग शुक्ला का तरंगत होते? कारण ते पडत होते. त्यांच्याबरोबर स्थानक, पाण्याचा गोळा आणि चित्रीकरण करणारा कॅमेरा हे सगळंच पडत होतं. स्थानक एका सेकंदात पृथ्वीकडे साधारण ४.३ मीटर खाली येतं. पण त्याच सेकंदात ते साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोल पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. त्यामुळे पडणं चालूच राहतं, पण जमीन जवळ येत नाही. केळझर ते नागपूर हे पन्नासेक किलोमीटरचं अंतर या वेगाने सात सेकंदांच्या आत संपतं. पृथ्वीची पूर्ण फेरी दीड तासात होते.

व्हिडिओत यातलं काहीच दिसत नाही. कॅमेराही त्याच वेगाने पडत असल्यामुळे चौकटीत सगळं शांत आणि स्थिर भासतं. चित्र खरं असतं, पण पडणं आणि वेग या दोन्ही गोष्टी त्या चित्रातून गळालेल्या असतात. नेमक्या त्यांच्यामुळेच पाण्याचा गोळा तरंगतो.

पटत नसेल तर शाळेत करून पाहावं. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, बोटाने दाबून पाणी भरा आणि झाकण उघडंच ठेवा. बोट काढलं की धार लागते. आता बाटली गच्चीवरून सोडा आणि खाली उभ्या असलेल्या सोबत्याला मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायला सांगा. बाटली पडत असेपर्यंत धार थांबलेली दिसेल. त्या क्षणभरात गावातलं गुरुत्वाकर्षण कुठे गेलेलं नसतं. बाटली आणि पाणी एकाच दराने पडत असतात, म्हणून पाण्याचा दाब भोकावर येत नाही. शुक्लांच्या गोळ्याची गोष्ट हीच आहे, फक्त तिथलं पडणं संपत नाही.

हे ज्ञान दुर्मीळही नाही. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आणि दहावा अवकाश मोहिमांचा आहे. ज्या मुलाने हे धडे पाठ करून गुण मिळवले, तोच संध्याकाळी व्हिडिओ पाहून उलट बोलतो आणि त्याला कुणी टोकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

विदर्भातल्या माणसाला तर अंतराळातल्या गुरुत्वाकर्षणाचा पुरावा पुस्तकात शोधायलाही नको. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. पावणेआठच्या सुमारास वर्धा, नागपूर, चंद्रपूरच्या आकाशातून जळते गोळे रांगेने जाताना हजारोंनी पाहिले आणि चित्रित केले. कुणी उल्कावर्षाव म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री केळझरपासून शंभरेक किलोमीटरवर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ धातूचं मोठं कडं येऊन पडलं. आसपासच्या गावांमध्ये धातूचे गोळेही सापडले. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्यांची पाहणी केली. उपग्रहांच्या कक्षांचा हिशेब ठेवणारे तेव्हा हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हे फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष होते.

उल्का आणि हे अवशेष यांतला फरक डोळ्यांनी ओळखता येतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून घसरणारं रॉकेट सुमारे आठ किलोमीटर वेगाने, जवळपास आडवं येतं. म्हणून ते बराच वेळ दिसतं आणि तुकडे होत होत जातं. त्या संध्याकाळच्या व्हिडिओंत तेच दिसतं.

आता मूळ वाक्याकडे. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसेल, तर वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरणारं ते कडं लाडबोरीत पडलं कसं? ओढ पहिल्या दिवसापासून होती. आडवा वेग होता तोवर पडूनही जमीन गाठता येत नव्हती. तेवढ्या उंचीवरही हवा अगदी विरळ का होईना, असतेच. तिच्या घर्षणाने वेग खाल्ला आणि कक्षा खाली आली. अंतराळ स्थानकही असंच दर महिन्याला साधारण दोन किलोमीटर घसरतं आणि इंजिन चालवून त्याला पुन्हा वर ढकलावं लागतं. अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळ प्रयोगशाळेची उंची अशी वाढवता आली नाही, म्हणून ११ जुलै १९७९ला ती कोसळली. "आता आपल्यावरच पडते की काय" ही तेव्हाची धास्ती घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

अंतराळ आणि समुद्राबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात.

गैरसमज : अंतराळ आपल्यापासून फार लांब आहे.
वस्तुस्थिती : अंतराळाची सर्वसाधारण मानली जाणारी सीमा १०० किलोमीटरवर आहे. केळझरहून चंद्रपूर त्याहून लांब. बंगालचा उपसागर सरळ रेषेत पाचशेच्या पुढे आणि मुंबईचा समुद्र साडेसहाशेच्या आसपास. डोक्यावरून जाणारं अंतराळ स्थानक केळझरला कोणत्याही समुद्रापेक्षा जवळ असतं.

गैरसमज : समुद्राचा ९५ टक्के भाग माणसाला अजिबात माहीत नाही.
वस्तुस्थिती : हा आकडा व्हिडिओंमध्ये वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि 'माहीत' म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. ढोबळ नकाशा संपूर्ण समुद्रतळाचा आहे आणि तो उपग्रहांनी दिलेला आहे. बुडालेला डोंगर आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतीचं पाणी ओढतो, त्यामुळे वरच्या पृष्ठभागाला मीटर-दोन मीटरचा फुगवटा येतो. उपग्रह तो मोजतात. वॉल्टर स्मिथ आणि डेव्हिड सँडवेल यांनी १९९७मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेला जागतिक नकाशा असाच तयार झाला. अंतराळात गुरुत्वाकर्षण नाही म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की समुद्राच्या तळाचा अंदाज आपण अंतराळातून, गुरुत्वाकर्षणाच्याच आधारे बांधला. जहाजावरच्या सोनारने बारकाईने मोजलेला भाग 'सीबेड २०३०' प्रकल्पानुसार जून २०२५पर्यंत सुमारे २७ टक्के होता. प्रत्यक्ष नजरेखालून गेलेला खोल तळ मात्र 'सायन्स ॲडव्हान्सेस'मधल्या २०२५च्या अभ्यासानुसार ०.००१ टक्क्यापेक्षाही कमी आहे. ढोबळ नकाशा, बारीक नकाशा आणि प्रत्यक्ष दर्शन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा एकच आकडा करून दिला की ज्ञान वाढत नाही, नुसती सनसनाटी वाढते.

गैरसमज : चंद्रावर १२ माणसं गेली, पण समुद्राच्या सर्वांत खोल जागी फक्त तीन.
वस्तुस्थिती : २०१९पर्यंत हे खरं होतं : १९६०मध्ये जाक पिकार आणि डॉन वॉल्श, २०१२मध्ये जेम्स कॅमेरॉन. २०१९पासून व्हिक्टर व्हेस्कोव्हो यांच्या पाणबुडीने अनेकांना तिथे नेलं आणि ही संख्या आता बारापेक्षा जास्त आहे. त्यांतल्या कॅथरीन सलिव्हन यांनी १९८४मध्ये अंतराळात चालूनही दाखवलं होतं.

गैरसमज : खोल समुद्रातल्या दाबाखाली काहीही जगू शकत नाही.
वस्तुस्थिती : दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, या हिशेबाने सर्वांत खोल जागी तो जमिनीवरच्या हजार पटींच्या पुढे जातो. तरी २०२२मध्ये जपानजवळच्या खंदकात ८,३३६ मीटरवर पोहणाऱ्या स्नेलफिश माशाचं चित्रीकरण झालं. चिरडते ती आतली मोकळी हवा. या माशांच्या अंगात हवेची पिशवी नसते आणि पेशींतली रसायनं प्रथिनांना दाबाखाली सांभाळतात.

गैरसमज : ब्लॉबफिश जगातला सर्वांत कुरूप मासा आहे.
वस्तुस्थिती : व्हिडिओतला लिबलिबीत गोळा म्हणजे वर ओढून काढल्यावर झालेली त्याची दुर्दशा. आपल्या खोलीवर तो माशासारखाच दिसतो.

गैरसमज : भारताची 'मत्स्य ६०००' ऑगस्ट २०२५मध्ये पाच हजार मीटर खोल जाऊन आली.
वस्तुस्थिती : दोन भारतीय ४,०२५ आणि ५,००२ मीटरपर्यंत गेले, ही खरोखरच अभिमानाची गोष्ट आहे. पण ते गेले फ्रान्सच्या 'नॉटिल' पाणबुडीतून, अटलांटिक महासागरात. 'मत्स्य ६०००' ही चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची पाणबुडी वेगळी.

गैरसमज : नासाने सूर्यातून येणारा ओंकार ध्वनिमुद्रित केला.
वस्तुस्थिती : निर्वातातून आवाज येतच नाही. सोहो यानाने नोंदवलेली सूर्याच्या पृष्ठभागाची कंपनं हजारो पटींनी वेगवान करून ऐकण्याजोगी केलेली आहेत. त्यात कोणताही शब्द नाही.

गैरसमज : दिवाळीच्या रात्री भारत अंतराळातून रंगीबेरंगी झळाळतो.
वस्तुस्थिती : ते चित्र अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून, दिव्यांची वाढ दाखवण्यासाठी रंग देऊन बनवलेलं आहे. नासाने २०१२मध्येच तसा खुलासा केला आहे.

गैरसमज : लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं तोंड आहे.
वस्तुस्थिती : तिथल्या बेसाल्टमध्ये प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आहे. ते अशनीच्या आघाताने झालेलं विवर आहे.

शिक्षकांना आणि पालकांना एक आग्रहाची विनंती. मुलांना हे व्हिडिओ जरूर दाखवा. केळझरच्या मुलाला समुद्रतळ आणि अंतराळ स्थानकाचा अंतर्भाग पाहायला दुसरा रस्ता नाही आणि ती दृश्यं पाहून विज्ञानाकडे वळलेली मुलं आपण पाहतोच. पण मध्ये थांबवा आणि तीन प्रश्न विचारू द्या : हे किती अंतरावर आहे, किती वेगाने चाललं आहे, आणि हे मूळ कुणी टिपलं? तिसऱ्याचं उत्तर व्हिडिओत नसेल, तर इस्रो, नासा किंवा संबंधित सागर संस्थेच्या मूळ चित्रीकरणापर्यंत मुलांसोबत जा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुलांनी वहीत, आकड्यांत लिहावीत. ज्या मुलीने ६,३७१ आणि ६,७७१ हे दोन आकडे एकदा स्वतः भागून पाहिले, तिला 'झिरो ग्रॅव्हिटी'चा कुठलाही मथळा पुन्हा फसवू शकणार नाही.