फेज कुठे अडला?

इंग्लंडमधल्या घरात जानेवारीत रेडिएटर गार पडले की पहिला संशय बॉयलरवर जातो, त्यातही आतल्या सर्किट बोर्डावर. आमच्याकडे तेच झालं. आधी येऊन गेलेल्या एका कंपनीच्या माणसाने झाकणही न उघडता बोर्ड बदलायला सांगितलं होतं. काहीशे पौंडांचं काम. नंतर आलेल्या इंजिनिअरने मात्र हत्यारांची पिशवी उघडायच्या आधी विचारलं, नळाला गरम पाणी येतंय का?

येत होतं. शिवाय टाकीतलं पाणी तापत असेपर्यंत रेडिएटरही तापायचे. ते तापून झालं की पुन्हा गार. आम्हाला हा बॉयलरचा लहरीपणा वाटत होता. त्याला त्यात निम्मं उत्तर मिळालं.

आपल्याकडच्या गीझरचं थर्मोस्टॅट गीझरच्याच पोटात असतं. इथल्या टाकीच्या व्यवस्थेत बॉयलरला पेटायचा हुकूम बाहेरून येतो. टायमरने सोडलेला फेज खोलीतल्या थर्मोस्टॅटमधून पाइपवरच्या मोटरच्या व्हॉल्व्हपर्यंत जातो. तपकिरी वायरीवर मोटर फिरते, व्हॉल्व्ह उघडतो आणि उघडता उघडता आतला नखाएवढा मायक्रोस्विच दाबला जातो. राखाडी वायरीत फेज कायम असतो. स्विच दाबला गेला की तो नारिंगी वायरीत येतो आणि बॉयलरला पेटायला सांगतो. रेडिएटरसाठी एक व्हॉल्व्ह, टाकीसाठी दुसरा, आणि दोघांच्या नारिंगी वायरी एकाच टर्मिनलवर. टाकीच्या हुकमावर बॉयलर पेटतो आणि तेव्हा रेडिएटरही तापतात, याचा अर्थ बॉयलर, पंप ठीक आहेत आणि रेडिएटरचा व्हॉल्व्हही उघडतोय. उघडल्याची वर्दी तेवढी पुढे जात नाही.

तरीही नुसत्या तर्कावर त्याने काही बदललं नाही. या कामाची खरी कसोटी मला तिथेच दिसते.

टाकीशेजारच्या वायरिंगच्या डब्यात जुन्या लाल-काळ्या आणि नव्या तपकिरी-निळ्या वायरी एकत्र नांदत होत्या. ब्रिटनमध्ये 2004 ते 2006 या काळात घरातल्या वायरींचे रंग बदलले. मध्ये कधी डागडुजी झाली असेल तर असं मिश्रण सापडतं. थर्मोस्टॅटकडून परतणारा फेज चक्क निळ्या वायरीत होता, आणि तिच्यावर हवी ती तपकिरी नळी कुणी चढवलीच नव्हती. रंग बघून तिला न्यूट्रल समजणाऱ्याला जिवावरचा झटका बसू शकतो.

त्याने आधी टाकीचं पाणी तापवणं बंद केलं. ते चालू ठेवलं असतं तर दुसऱ्या व्हॉल्व्हकडून त्या टर्मिनलवर 230 व्होल्ट आलेच असते आणि सगळं ठीक दिसलं असतं. मग भिंतीवरचा बॉयलरचा स्विच बंद करून त्यातला 3 अँपिअरचा फ्यूज काढून खिशात टाकला. टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग डब्यातल्या वायरींवर, मग पुन्हा सॉकेटवर: मधल्या मध्ये टेस्टरच बिघडला नाही ना, याची खात्री. रेडिएटरच्या व्हॉल्व्हची नारिंगी वायर सुटी केली, फ्यूज परत बसवला आणि थर्मोस्टॅट वर केलं.

मोटरची बारीक घरघर ऐकू आली. तपकिरीवर 230, राखाडीवर 230. सुट्या नारिंगीवर मल्टिमीटरने 60 च्या आसपास आकडा दाखवला.

हा आकडा भल्याभल्यांना चकवतो. नारिंगी वायर त्याच केबलमध्ये दोन जिवंत वायरींना खेटून जाते, त्यामुळे तिच्यावर थोडा दाब येतो. पण त्यात जोर नसतो. डिजिटल मीटर जवळपास करंट ओढतच नाही, म्हणून तो हा आभासही इमानाने दाखवतो. इंजिनिअरने थोडा करंट ओढणारा दोन टोकांचा टेस्टर लावला. काहीच नाही. आपल्याकडे वायरमनच्या खिशाला असतो तो निऑनचा टेस्टर अशा वेळी मिणमिणू शकतो, आणि मग माणूस बॉयलर उघडत बसतो.

पुन्हा फ्यूज काढला, पुन्हा तीच तपासणी. व्हॉल्व्हच्या डोक्याचं झाकण काढून मायक्रोस्विचची इवलीशी पिन त्याने स्क्रूड्रायव्हरने दाबली. टक्. सोडली, पुन्हा टक्. आवाज अगदी निरोगी; पण राखाडी-नारिंगीवर लावलेल्या मीटरवर ना बीप, ना आकडा. आतले संपर्कबिंदू जळून गेले होते. मला कान लावून ऐकायला सांगितलं असतं, तर मी तो स्विच चांगला म्हणून सोडून दिला असता.

व्हॉल्व्हचं वरचं डोकं तेवढं बदललं. पितळी अंग पाइपवर तसंच राहिलं, त्यामुळे पाणी काढावं लागलं नाही. निळ्या वायरीवर तपकिरी नळी चढली. बॉयलरचं गॅसचं अंग उघडायची वेळच आली नाही. ब्रिटनमध्ये त्याला हात लावायला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद लागते. याच्याकडे ती होती, तरीही.

मग फक्त रेडिएटर चालू केले: आधी पंखा, मग ठिणगीची टिकटिक, मग ज्वाळ. त्यानंतर फक्त पाणी, नंतर दोन्ही, आणि शेवटी दोन्ही बंद करून तो थांबून राहिला. मायक्रोस्विच उलटाही बिघडतो: चिकटून बसतो, आणि कुणी न मागता बॉयलर पेटत राहतो.